उरलेलं आमिष

प्रिय बारक्या,

हे पत्र तुझ्या गळांच्या डब्यात ठेवते आहे, वरच्या कप्प्यात, जिगांच्या, त्या जड गळांच्या, शिशाच्या डोक्यांवर. घरात ठेवलं असतं तर तुझ्या बायकोनं आधी वाचलं असतं. शिवाय संध्याकाळी हा डबा पुसल्याशिवाय तुझ्या घशाखाली घास उतरत नाही, हे तलावाच्या अख्ख्या काठाला माहीत आहे. दहा पावलांवर राहणारी ताई पत्र कसलं लिहिते, असं म्हणशील. समोर आले की माझं भाषण सुरू होतं आणि भाषण सुरू झालं की तू हसून विषय बदलतोस. आज तू हसलेलं मला नको आहे.

रविवारी होडीत किती दिवसांनी तुझे हात जवळून पाहिले. बादलीतून आमिषाची मासोळी उचलताना तू आधी हात ओले केलेस. तिला नुसतं धरलंस, आवळलं नाहीस. जिगचं टोक खालच्या ओठातून आत, वरच्या ओठातून बाहेर, आणि मासोळी जिवंतच. पाठीतून का नाही लावत, असं मी विचारलं, तर म्हणालास, वजन तोंडाशी असलं की ती डोकं पुढे करून पोहते, जशी काही स्वतःच्या मर्जीनं निघाली आहे. मोठ्या माशाला संशय येत नाही. वर टोमणाही मारलास, असा एक गळ तुलाही लावायला हवा ताई, म्हणजे सभेत आम्हा गरिबांना दोन शब्द बोलायला मिळतील. मी धपाटा घातला, होडी डुगडुगली, आणि घटकाभर मला वाटलं की आपण अजून लहान आहोत, बाबा वल्ही मारताहेत.

मासा मात्र एकही लागला नाही. कसा लागणार? तळाच्या माशांची अंडी आता टिकतात कुठे? काठाच्या खड्यांत घातली की तो काटेरी मासा फडशा पाडतो. बोटाएवढा जीव, पाठीवर उभे काटे. आपल्या पाण्यात तो कधीच नव्हता. मच्छीमार संस्थेच्या टेबलावर काचेच्या बरणीत एक ठेवला आहे आणि येणारा जाणारा बरणीकडे बघून पलीकडच्या काठावरच्या होडीवाल्याला शिव्या घालतो. तो परका, दुसऱ्या तलावावरून आला, त्याच्याच होडीच्या तळातल्या पाण्यातून ही पीडा आली, हे सगळ्यांनी ठरवून टाकलं आहे. उद्याच्या सभेत त्याचा होडी लावायचा धक्का काढून घ्यायचा आणि ते लोकांच्या गळी उतरवायला मी बोलायचं, हेही ठरलं. मी हो म्हटलं होतं. मलाही ते पटलं होतं.

मग रविवारची संध्याकाळ झाली आणि परतताना तू उरलेली मासोळी पाण्यात सोडलीस. जा बाबांनो, सुटलात, असं म्हणत. अगदी बाबांच्या आवाजात. ज्याला गळ लागला नाही त्याला पाणी परत द्यायचं, हा त्यांचा नियम. त्यांनी एकही मासोळी काठावर तडफडू दिली नाही आणि तूही देत नाहीस. पण बारक्या, बाबा ती मासोळी याच तलावाच्या उथळात फडक्यानं धरायचे. ती आपल्या घरी परत जायची. तुझी मासोळी टेंपोतून येते, डोंगरापलीकडच्या कुठल्या पाण्यातली ते टेंपोवाल्यालाही सांगता येणार नाही. दया तीच आहे. पाणी बदललं आहे.

बादलीतून सगळ्यात शेवटी जी घसरली तिच्या पाठीवर काटे होते. मी पाहिलं. तूही पाहिलंस, कारण बादली तुझ्या हातात तशीच तिरकी राहिली. मग धक्क्यापर्यंत तू इंजिनाच्या तेलाबद्दल बोलत होतास. एवढं सलग तू स्वतःच्या लग्नातही बोलला नव्हतास. आणि उतरताना, माझा हात धरून, खाली बघत म्हणालास, सभेत जोरात बोल ताई, त्याला इथून हलवलंच पाहिजे. जन्मभर तू मला म्हणत आलास, ताई, आवरतं घे. जोरात बोल असं कधी म्हटलं नव्हतंस. तेव्हाच मला कळलं की ही पीडा तुझ्या बादलीतून येते हे तुला रविवारच्या आधीपासून ठाऊक होतं.

तुझी भीती मला समजते. सगळा काठ गळ लावायला तुझ्याकडून शिकला. संस्थेच्या भिंतीवर बाबांचा फोटो आहे. पण काल त्या होडीवाल्याची बायको माझ्याकडे आली होती. पाणीही प्यायली नाही. दारातच म्हणाली, हाकलायचं तर हाकला, पण गुन्हेगार म्हणून हाकलू नका, मुलींना दुसऱ्या गावात तेच ऐकावं लागेल. आणि समजा गेला तो. मग? तुझी बादली रोज संध्याकाळी रिकामी होतच राहील. माणूसही जाईल आणि तलावही जाईल. या अन्यायात आपल्या हाती काय लागणार, ते तरी मला सांग.

म्हणून हे लिहिलं. उद्या शाळेच्या सभागृहात पहिलं नाव माझं पुकारतील. मी उठेन आणि म्हणेन, माझ्या आधी माझा भाऊ बोलेल. तू उठलास तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन, आणि तुझ्यावर जो पहिला ओरडेल त्याला माझं भाषण ऐकावं लागेल. तू उठला नाहीस तर मी बोलेन, सगळं, तुझं नाव घेऊन, आणि खाली उतरून तुझ्याच बाकावर येऊन बसेन. पण ओठांत गळ घेऊन त्या सभेत पोहणार नाही. आज दुपारी टेंपोवाला नवी मासोळी टाकून गेला. मी बादलीत वाकून पाहिलं, त्यातही तो काटेरी मासा आहे. बादलीला मी हात लावलेला नाही. ती तुझी आहे. सभेला येताना घेऊन ये.

बाकावर तुझी जागा धरून ठेवणारी,
तुझीच,
ताई