फांदीखालचे पाहुणे

४ मे. सकाळ.
दादाचं ऑपरेशन झालं. तो घरी येईपर्यंत त्याची कोकोची बाग माझ्या ताब्यात. पीक बुडालं तर बाग विकावी लागेल, असं वहिनी म्हणाली. बुडेल कशाला? आधी माझ्या कोंबड्या गेल्या, मशरूम गेले, त्यात माझा काय दोष? हवाच वाईट होती.
संकल्प : रोज पहाटे बागेत.

५ मे. दुपार.
सकाळी डोळा लागला. उद्यापासून नक्की.

१२ मे.
शोध! आडव्या फांद्यांच्या खाली डासांएवढे किडे बसलेले. दिवसभर ढिम्म हलत नाहीत. कोकोचं फूल बारीक माश्यांमुळेच फळतं, हे मी नेटवर वाचलंय. म्हणजे हे आपले पाहुणे. फवारणी कॅन्सल.

१९ मे.
वहिनीशी वाजलं. पिकलेली फळं दर आठवड्याला तोडायची आणि सालं पुरायची, अशी दादाची ताकीद आहे म्हणे. मी म्हटलं, झाडं हलली तर पाहुणे उडतील. शिवाय सगळं एकदम पिकू दे, दादाला फाटकातूनच पिवळी बाग दिसू दे. ती म्हणाली, अंधार पडला की ते किडे फळांवर जाऊन बसतात, फुलाकडे एकही फिरकत नाही. वहिनीला शंकाच फार.

२ जून.
फळांना टाचणीएवढी भोकं. पानांवर चपटे रेशमी कोष. पाहुण्यांनी संसार थाटला! भोकांचं म्हणाल तर फळालाही हवा लागतेच.

१० जून.
उशिराची फळंही पिवळी! महिनाभर आधी! काही अर्धी हिरवी आहेत, पण सुरुवात तर झाली. दादाला इतक्या वर्षांत जमलं नाही ते.
 

२१ जून.
दादा आला. काठी टेकत थेट बागेत. एक फळ तोडून कानाशी धरलं, हलवलं. पिकलेल्या फळात बिया खुळखुळतात. मग दुसरं. मग तिसरं. ऑपरेशननंतर ऐकू कमी येत असेल, असं मी वहिनीला हळूच म्हटलं. तिने तोंड फिरवलं.
दादानं कोयत्यानं फळ फोडलं. बिया एकमेकींना चिकटून नुसता दगड झालेल्या. त्यातून एक अळी वळवळत बाहेर आली. पाहुण्यांचं पोर. दादा म्हणाला, या वेळीही हवाच वाईट होती का रे?
शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२२ जून. संध्याकाळ.
बाग बघायला गिऱ्हाईक आलं होतं. मला कोणी बोलावलं नाही. मी मागच्या ओळींत एकेक फळ कानाशी लावून हलवत होतो. एकही वाजलं नाही.
उद्या डॉक्टरकडे जाऊन कान तपासून घेतो.