ज्यांच्याकडे जुना कॉम्प्युटर असतो

३ मार्च, मंगळवार

दातांच्या लॅबमध्ये होते. हातात कुणाच्या तरी वरच्या कवळीचा साचा, तेवढ्यात मोबाईलवर मेसेज — "मुलगी, वय चार. स्वीकार परवा संध्याकाळपर्यंत वेबसाइटवर नोंदवावा. अन्यथा पुढील जोडप्यास कळवले जाईल."

पाच वर्षं दत्तकासाठी वाट बघतोय आम्ही. आणि कळवायची पद्धत ही — वीजबिलासारखी!

नवऱ्याला फोन केला. तो कुठल्यातरी इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दुरुस्ती करत होता. त्याला मेसेज वाचून दाखवला. मग म्हणाला, "थांब, मी आधी वर येतो."

घरी येऊन वेबसाइट उघडली. कोरं पान. लॅपटॉपवर कोरं, मोबाईलवर कोरं. वर फक्त सरकारी शिक्का आणि "आपले स्वागत आहे".

४ मार्च, बुधवार

हेल्पलाइनवरची बाई गोड बोलणारी. "कुठला ब्राउझर वापरता?" सांगितला. "त्यात नाही उघडत मॅडम. आपली साइट फक्त जुन्या ब्राउझरमध्ये चालते."

तो जुना ब्राउझर नव्या मशीनवर टाकताच येत नाही. कधीचा बंद झालाय.

"मग लोक काय करतात?"

"ज्यांच्याकडे जुना कॉम्प्युटर असतो, ते करतात."

म्हणजे आई व्हायला आता जुना कॉम्प्युटर लागतो.

"फोनवरच हो सांगते, लिहून घ्या."

"तसं घेता येत नाही."

"आणि साइट उघडलीच नाही तर?"

"तर तुमचा नकार धरला जातो."

नकार. आमचा.

सायबर कॅफे पालथे घातले, लॅबमध्ये विचारलं, नवऱ्याच्या ऑफिसात विचारलं. सगळीकडे नवी कोरी मशीनं. लोकांच्या प्रगतीचा इतका राग कधी आला नव्हता.

जेवताना नवरा ताटात बघत म्हणाला, "आईकडे आहे."

माहीत होतं मला. सासूबाई निवृत्त टायपिस्ट. लोकांचे अर्ज अजून त्याच जुनाट मशीनवर टाइप करून देतात. पण दत्तकाचं कळलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "परक्याचं पोर ते परक्याचंच." तेव्हापासून मी त्यांची पायरी चढलेले नाही.

५ मार्च, गुरुवार

गेलो. नवऱ्याने दारातच काम सांगून टाकलं. वाटलं, आता दार लावतील. म्हणाल्या, "चपला बाहेर काढा, आत्ताच पुसलंय."

मशीन घरघरत सुरू झालं. आणि साइट उघडली — सरळ, बिनबोभाट, जणू कधी काही झालंच नव्हतं. तिचा फोटो. आम्ही दोघं बटण दाबायचं विसरून नुसते बघत बसलो.

मागून सासूबाई वाकल्या. चष्मा नाकावर नीट बसवला.

"केस कुणी कापलेत हिचे? एका बाजूला आखूड झालेत."

मग नवऱ्याच्या खांद्यावर टिचकी मारून, "अरे, दाब ना. हे मध्येच बंद पडतं."

दाबलं.

६ मार्च, शुक्रवार

कामात लक्ष नाही. एका कवळीत सुळा उलट्या बाजूला बसवला. दुपारी सासूबाईंचा फोन, थेट मला! "पोरीला चपलेचा काय नंबर लागेल गं?" मी म्हटलं, माहीत नाही. "विचारून ठेव," म्हणाल्या आणि ठेवला फोन.

९ मार्च, सोमवार

मुलगी जिथे आहे त्या संस्थेतल्या ताईंचा फोन. "दोघांना न्यायला कधी येताय?"

"आम्ही दोघं कधीही येऊ."

"तसं नव्हे हो. ती आणि तिचा भाऊ. दीड वर्षाचा आहे. साइटवर एकाच मुलाचा फोटो चढतो, म्हणून त्याचं शेऱ्यात लिहिलं होतं. दिसलं नाही का तुम्हाला? त्यांची ताटातूट आम्ही करत नाही."

फोन स्पीकरवर होता. नवरा होता तिथेच खाली बसला. ताई हॅलो, हॅलो करत राहिल्या. "नको असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे पुढच्यांना..."

नवरा मान वर करून माझ्याकडे बघत होता. मग त्यानेच फोन घेतला.

"धाकट्याला काय म्हणून हाक मारता तुम्ही?"