रविवारची हजेरी

रविवार, २ नोव्हेंबर

आज एकोणीस पोरं! आणि मदतनीस शांताबाईचे नि माझे मिळून हात चारच. हात कमी पडतात, कमी पडतात, कमी पडतात. तीनदा लिहिलं, जरा बरं वाटलं.

नावं नेहमीसारखी या वहीतच पानामागे उतरवलीत, म्हणजे हजेरीपटात चढवताना चूक नको. सरकारी हजेरीपटात रविवारच्या रकान्यावर 'सुट्टी' छापूनच येतं. इथे कामतघरात कापडाचे लूम बंद शुक्रवारी, रविवारी जोरात चालू! आया रविवारी लूमवर सुताच्या कांड्या भरायला जाणार, मग पोरं काय खिशात घालून नेणार? म्हणून आपलं पाळणाघर रविवारी उघडं. शुक्रवारी एकही पोर येत नाही. मग रविवारची हजेरी मी येत्या शुक्रवारच्या रकान्यात भरून टाकते. पोरं तेवढीच, दिवस फक्त इकडचा तिकडे. मे महिन्यापासून चाललंय. कोणाचं काय बिघडलं?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दुपारी वीज गेली. शेजारचे लूम थांबले आणि झोपलेली सगळी पोरं एकदम उठून बसली! खटखट ऐकू आली नाही की यांना झोपच लागत नाही. शेवटी शांताबाई खिचडीचं पातेलं उपडं घालून त्यावर चमचा बडवत बसली. पाच मिनिटांत आमचा छोटा भाविक आडवा. वीज आली तेव्हा पोरं झोपलेली आणि शांताबाईचा हात सुजलेला. हसून हसून माझं पोट दुखलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

एकवीस.

भाविकची ताई उन्नती आली होती. पाचवीतली पोर. सगळ्यांना रांगेत बसवून सतराचा पाढा शिकवत होती, ज्यांना दहापर्यंतसुद्धा येत नाही त्यांना! त्यांची आई काशी मला म्हणाली, गेल्या वर्षी ही पोरगी भाविकला कडेवर घेऊन घरीच असायची, शाळेत नाव तेवढं होतं. खासगी ठिकाणी ठेवायचं तर काशीचा अर्धा पगार तिथेच जातो. आपल्याकडे सरकारचं अनुदान आहे म्हणून तिला परवडतं. मला मानधन कमी मिळतं ते मिळतं, पण तो पाढा ऐकून छाती फुगली. खोटं कशाला बोलू?

काल इस्त्रीचा फोन आला होता. पोरांची नखं कापलीस का? इस्त्री म्हणजे सुमती मॅडम, आमच्या पर्यवेक्षिका. साडीची घडी कधी मोडत नाही म्हणून मी ठेवलेलं नाव. आवाज असा, की फोनवरूनसुद्धा पोरं जागी होतात! रविवारी ही बाई घरी काय करत असेल? नवऱ्याला नि पोरांना ओळीत उभं करून नखं तपासत असेल.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मेले. मेले. मेले.

बालदिन. इस्त्री न सांगता आली, चॉकलेटची पिशवी घेऊन, पोरांबरोबर फोटो काढायला. आणि आम्ही काय करत होतो? गाद्या उन्हात घालत होतो. खोलीत एक पोर नाही, दोरीवर एकवीस दुपटी!

तिने हजेरीपट उघडला. मी रविवारीच भरून ठेवलेला. बोट त्या रकान्यावर ठेवलं आणि म्हणाली, "संघरत्ना, इथे एकवीस मुलं हजर आहेत. मला एक दाखव."

मी उगाच दुपटी झटकायला लागले. शांताबाई मात्र मदतीला धावली. अंजूर गावची सरळ बाई. "मॅडम, शुक्रवारला पोरं येतच न्हायत. लूम बंद हाय ना!"

झालं. संपलं! मग मी सगळं सांगितलं. रविवारचं, रकान्याचं, मे महिन्यापासूनचं. ती ऐकत होती आणि लिहीत होती. बोगस हजेरी. सात दिवसांत खुलासा. खुलासा पटला नाही तर अनुदान बंद, म्हणजे पाळणाघरच बंद. माझी नोकरी तर गेलीच.

चॉकलेटची पिशवी तेवढी फळीवर विसरून गेली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

विकीला सांगितलं. नवरा म्हणून धीर द्यायचा सोडून म्हणतो, "तुला कोण शहाणपणा करायला सांगितला होता?" नंतर स्वतः चहा केला. साखर विसरला. घाबरलाय तोही.

रविवार, १६ नोव्हेंबर

सतरा. नावं मागे.

आयांना सांगितलं. यादवभाभीने आपल्या दिशाला पटकन असं छातीशी धरलं, की मीच तिला घेऊन चालले होते! म्हणाली, "दीदी, बंद हुआ तो मैं इसको फिर लूम के नीचे सुलाऊँगी?" दिशाच्या कपाळावर लूममधून उडालेल्या धोट्याने लागल्याची खूण आहे, गेल्या वर्षीची. रोज तिचे केस विंचरते, तेव्हा दिसते.

काशी नुसती उन्नतीकडे बघत होती. मी आज पहिल्यांदा रडले, मोरीत जाऊन. आणि चॉकलेटं वाटून टाकली. अनुदान जायचं तेव्हा जाईल, चॉकलेटं वितळायला नकोत.

सोमवार, १७ नोव्हेंबर

ऑफिसात गेले. म्हटलं, मॅडम, येत्या रविवारी या, बघा. तर म्हणाली, "येत्या रविवारी तू गल्लीतली पोरं गोळा करशील. गेल्या सहा महिन्यांच्या रविवारांचं काय? पुरावा आण." फोटो आहेत का? नाहीत. फोटो काढायला हात मोकळे नकोत? आयांच्या सह्या आणते म्हटलं, तर म्हणे सह्या काय आजही घेता येतात.

रिक्षात बसल्यावर डोक्यात उजेड पडला. पुरावा आहे. एकच आहे. ही वही!

मे महिन्यापासूनचा प्रत्येक रविवार हिच्यात आहे. कोण आलं, कोणाला ताप होता, कोणी कोणाला चावलं. सगळं त्या त्या दिवशी लिहिलेलं.

आणि इस्त्रीसुद्धा हिच्यातच आहे. पानोपानी!

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मागची पानं चाळली. अरे देवा. जूनमध्ये मी तिची चालण्याची नक्कल केलीय, चित्रासकट.

बुधवार, १९ नोव्हेंबर

नुसती रविवारची पानं फाडून द्यावीत म्हटलं. विकी म्हणतो, फाटक्या पानांवर कोण विश्वास ठेवेल? बरोबर आहे. नव्या वहीत उतरवून काढू? म्हणजे एका बोगसवर दुसरं बोगस. शांताबाईला विचारलं. ती म्हणाली, "बाय, तुजी लाज मोठी, का पोरं मोठी?" आणि भांडी घासायला गेली.

मीही तिच्या शेजारी बसून भांडी विसळली.

गुरुवार, २० नोव्हेंबर

देतेय. उद्या सातवा दिवस. मॅडम, हे पान वाचत असाल तर चित्राबद्दल माफी. बाकी सगळं खरं आहे.

(सुटा कागद, वही परत आली की चिकटवायचा.)

रविवार, २३ नोव्हेंबर

वीस. वही नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतंय. शुक्रवारी वही मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि पळाले. लहानपणी शेजाऱ्याची काच फोडून पळाले होते तशी! एव्हाना ती चित्रापर्यंत पोचली असेल. पाळणाघर वाचलं तर मी आयुष्यात कोणाला नाव ठेवणार नाही. निदान लिहून तरी नाही.

सोमवार, १ डिसेंबर

वाचलं! वाचलं! वाचलं!

शिपाई पत्र आणि वही घेऊन आला. अनुदान चालू राहणार. मार्चपर्यंत आपल्या पाळणाघराला सुट्टी शुक्रवारी, रविवारी उघडं. रविवारच्या रकान्यातलं 'सुट्टी' खोडून बाजूला मॅडमनी सही केलीय. मला लेखी ताकीद — पुन्हा रकाना बदललास तर थेट घरी. कबूल! शंभरदा कबूल! यादवभाभीने दिशाला उचलून गोल गोल फिरवलं. काशी उन्नतीला नवीन दप्तर घेणार आहे. शांताबाईने पातेलं बडवलं, झोपवायला नाही, खुशीने. पोरं मात्र झोपली.

वही उघडायची अजून हिंमत नाही. उद्या.

मंगळवार, २ डिसेंबर

उघडली. प्रत्येक रविवारच्या नावांपुढे लाल शाईची बारीक टिकली. इस्त्रीच्या एकाही ओळीवर खाडाखोड नाही. चित्राखाली लिहिलंय, 'पदर डाव्या खांद्यावर असतो.' आणि शेवटच्या पानावर हे —

'रविवारी मी घरी काय करते, असं तू विचारलं आहेस. माझ्याकडे नखं तपासायला कोणी नाही. दोन साड्यांना इस्त्री करते, मग दिवस उरतो. हात कमी पडतात, हे तू सव्वीस वेळा लिहिलं आहेस. मी मोजलं. या रविवारी येऊ का? — इस्त्री'