उंचीएवढी दोरी

३ मे १९३६
पोचले! डोंगरातलं हे गाव, नदीकाठची खोली आणि माझी पहिली नोकरी. दगडी पुलांवरच्या परिषदेची चिटणीस! परिषद नव्या पुलाच्या उद्घाटनालाच भरणार आहे. घरात कुणी चौथीपुढे शिकलं नाही. निघताना आई माझ्या पदवीच्या कागदावरून नुसता हात फिरवत होती. मुख्य गवंडी स्टामेन मिस्त्रींनी दही आणि गरम पाव दिला. वर म्हणाले, “रालित्सा, तुमच्या सपाटीवर पूल कशाला गं? बदकं पोहून जातात की!” सगळे हसले. मीही.

६ मे
पाहुण्यांना लिहायचं की सहभाग नक्की असल्याचं पत्र पाठवा, सोबत स्वतःच्या उंचीएवढी दोरी. इथली रीत. मिस्त्री म्हणतात, ज्याच्या त्याच्या मापाचा हार करतो. किती आपुलकी!

१२ मे
अभियंता डोब्रेव यांचं पत्र आलं, दोरीही. नेदाबाईंचा होकार आला, दोरी मात्र नाही. बाईंनी मला घरी ठेवून शिकवलं. त्यांचाच हार कसा राहू द्यायचा? पोस्टात टाकायला विसरल्या असतील. मीच अंदाजाने कापून मिस्त्रींना दिली.

१९ मे
डोब्रेव आधीच पूल बघायला आले होते. भर दुपारी चौकात कोसळून मेले. जवळ कुणी नव्हतं. छाती आपोआप आत दबली, बरगड्या सदऱ्यातून बाहेर आल्या. तोंडात ओला चुना. त्याच क्षणी पहिल्या खांबाचा वरचा दगड बसला होता.
मिस्त्रींना विचारलं. त्यांनी लपवलं नाही. दोरी खांबात चिणतात. वरचा दगड बसला की माणूस जातो. म्हणाले, “पोरी, तीनदा पडला हा खांब. पूल काय फुकट उभा राहतो?”
दुसऱ्या खांबात बाईंची दोरी आहे. मी कापलेली.

२० मे
तारबाबूने बाईंना तार करू दिली नाही. म्हणे, गावाला पूल हवा, गप बस. दगड उद्या बसणार. बाईंना काही कळायच्या आत—

२१ मे
दोरी काढायला खांबाकडे निघाले, मिस्त्री वाटेत आडवे आले. घण घातला मी. कवटी फुटली. चुन्याच्या हौदात पडले, चुना लाल झाला. दोरी उपसली, जाळली. राख होईपर्यंत पाहिली. बाई वाचल्या.
गवंड्यांनी धरलं. मारलं नाही. उन्हात भिंतीशी उभं केलं आणि भिंतीवरच्या सावलीला दोरी लावून खांबासाठी माझं माप घेतलं. एक म्हणाला, “रडू नकोस गं बाळ, दगड मोठा आहे, लवकर होईल.”

खोपटात कोंडलंय. फटीतून खांब दिसतो. दगड वर चढतोय—
बरगडी. आवाज आला. दुसरी—
तोंडात वाळू
बाई, हे कुणी पोचवलं तर — परिषदेतला आपला सहभाग रद्द समजावा. येऊ नका. आपली नम्र, रालि—