निघोज्याच्या घरातला खालचा नळ

ती. दुर्गाताईस,

धाकट्या रंगाचा वाकून नमस्कार. (कमरेला पट्टा आहे, तेव्हा जेवढं वाकता आलं तेवढा गोड मानून घे.) तुझे गुडघे, बार्शीचं ऊन आणि शेजारच्या सुमनताई हे तिघेही तुला बेताचाच त्रास देत असतील अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल. मधेच पत्र कसं, असं वाटेल तुला. फोनवर आपण एकमेकांची तब्येत विचारतो आणि ठेवून देतो, गेली आठ वर्षं. पत्र मधेच ठेवून देता येत नाही, म्हणून हा कागद.

वाकडच्या फ्लॅटमध्ये तुझ्या अंघोळीचं पाणी खालच्यांच्या छतातून टपकलं, मी चार माणसांत तुला बोललो आणि दुसऱ्या दिवशी तू पिशवी उचलून बार्शीला गेलीस, ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून तू आमच्या घरचा घोटभरही पाणी प्यायलेली नाहीस, हेही नाही. पण हे पत्र त्याबद्दल नाही. हे पत्र पाइपांबद्दल आहे.

तर निघोज्याच्या प्लॉटवर आपलं घर उभं राहिलं. भिंती झाल्या, स्लॅब झाला, आता भिंतींच्या आतून पाण्याचे पाइप टाकायचे. त्यासाठी नकाशा लागतो. नकाशे आमच्याकडे तीन आहेत. एक मंजुरीसाठी काढलेला, एक बँकेला दाखवलेला आणि एक इंजिनिअरच्या मोबाइलमध्ये, जो उघडायला त्याला दर वेळी चष्मा आणि रेंज दोन्ही लागतात. तिन्हींत बाथरूम तीन ठिकाणी आहे. प्रत्यक्षात ते चौथ्याच ठिकाणी झालं, कारण सुनेच्या माहेरच्या वास्तुवाल्यांनी जिना फिरवला आणि जिन्याने बाथरूमला कोपऱ्यात ढकललं. चाकणच्या कंपनीत तेहतीस वर्षं मी मापं तपासली, केसभर फरकासाठी गाडीभर माल परत पाठवला, आणि माझ्याच घरात नळ कुठे येणार हे कुणाला सांगता येईना.

प्लंबर आहे साहेबराव, लातूरकडचा. त्याने तिन्ही नकाशे मन लावून पाहिले, घडी घातली आणि डबा खाताना खाली अंथरले. म्हणाला, “मालक, कागद अंघोळ करतो का? तुमी रोज करता तशी करून दावा. हात जिथं जाईल तिथं मी खडू मारतो.”

मग काय, रविवारी आम्ही चौघांनी बिनप्लास्टरच्या घरात कोरडी अंघोळ केली. सुजित डोळे मिटून, मान वर करून उभा राहिला (शॉवर सात फुटांवर). त्याच्या बायकोने, वर्षालीने, दात घासले, चूळ भरली आणि वॉशिंग मशीनमध्ये नसलेले कपडे टाकले. तुझ्या भावजयीने न दिसणारा कुकर इतका जोर लावून घासला की बांगड्या वाजल्या, आणि तिथला पाण्याचा निचरा तिच्या तांदळाच्या डब्याच्या जागी येतो म्हणून ती साहेबरावाशी भांडलीही. गावातले एक म्हातारबाबा रस्त्यावरून बघत उभे राहिले. “नाटक बसवताय व्हय?” असं विचारून, उत्तराची वाट न बघता, पायरीवर बसून त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं.

माझ्या वाट्याला खालचं मागचं बाथरूम आलं. मी डोळे मिटले आणि पडलेल्या विटेवर बसलो. हात आपोआप डावीकडे गेला, नळ सोडला, बादली पुढे ओढली. उजवीकडे साबणाचा कोनाडा. कोपऱ्यात नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायची जाळी. टॉवेलचा खिळासुद्धा दाखवला. साहेबराव खडू मारत गेला आणि दुपारी त्याने मशीनने भिंत कापलीही. सोमवारी पाइप बसले. संध्याकाळी वर्षाली टेप घेऊन आली आणि तिने विचारलं, “बाबा, नळ दीड फुटावर का? इथे बसणार कोण?” माप बरोबर आहे, असं मी कंपनीतल्या आवाजात सांगितलं. पण मी वीस वर्षांत बसून अंघोळ केलेली नाही.

मग उजेडलं. मी काळेवाडीच्या आपल्या दोन खोल्यांतली मोरी काढून ठेवली होती. जशीच्या तशी.

नोकरी लागली तेव्हा माझ्या जेवणाचे हाल होऊ नयेत म्हणून तू पंधरा दिवसांसाठी आलीस आणि सव्वीस वर्षं राहिलीस. पहाटे पाचला पाणी यायचं, तू पिंप भरायला लागलीस की अख्खी चाळ उठायची. शिफ्टवरून आलो की मी त्याच नळाखाली उकिडवा बसून हाताचं ऑइल धुवायचो, आणि धुण्याचा पिळा हातात घेऊन तू पाठीत धपाटा घालायचीस, “सरक मेल्या.” तिथेच पाटावर बसून, पाय लांब करून, तू सुजितला पायांवर न्हाऊ घालायचीस. तो चाळभर ऐकू जाईल असा रडायचा आणि तू त्याहून मोठ्या आवाजात त्याला समजावायचीस. आता तो शॉवरचं माप मिलिमीटरमध्ये सांगतो.

खरं सांगतो ताई, त्या खडूच्या खुणा बघून मला भरून आलं. पोरासमोर रडता येईना, म्हणून पाइपांतला दाब तपासायच्या पंपाशी उगाच खाटखूट करत बसलो. (पंप बिघडला. साहेबराव अजून त्या धक्क्यातून सावरलेला नाही.) भिंत बुजवून नळ वर घ्यायला अर्धा दिवस लागेल म्हणतो. वर्षालीने त्याला थांबवलं आहे. म्हणाली, नळ राहू द्या, फक्त बाबांनी कोणासाठी ते एकदा तोंडाने सांगावं.

बाकी ठीक. थंड पाण्याने अंघोळ करत जाऊ नकोस.

तुझा,
रंगा

ता. क. : मी विटेवर बसलो होतो, तू पाटावर बसतेस. दोन-तीन इंचांचा फरक पडतो. पाटावर बसून जमिनीपासून खांद्यापर्यंतचं माप कळव.

आणखी ता. क. : तू गेल्यावर चार महिन्यांनी वाकडला खालच्यांचं छत पुन्हा गळलं. फरशी फोडली, तर आतला पाइपाचा जोडच पहिल्यापासून सुटा होता. पाणी तुझं नव्हतंच. हे मला इतकी वर्षं माहीत आहे. कंपनीत दुसऱ्यांच्या चुका लाल पेनने लिहिल्या, माझी लिहायला हात उचलला नाही. माझं चुकलं, ताई.

शेवटचं : माप कळवू नकोस. टाइल्स शनिवारी लागणार आहेत. गुरुवारी मी स्वतः गाडी घेऊन बार्शीला येतो आहे. दार उघडलं नाहीस तर ओट्यावर बसून राहीन, कमरेच्या पट्ट्यासकट.