डावीकडची सोबत

२ सप्टेंबर १९३४

तांब्या पुन्हा लवंडला! जेवताना माझ्या डाव्या हाताशी तांब्या ठेवू नकोस, असं मालिनीला किती वेळा सांगायचं? "लग्न झाल्यापासून तिथंच ठेवते," म्हणाली. बायकोशी पुराव्यावर वाद घालू नये.

गणपती झाले की कोल्हापूरचे डोळ्यांचे डॉक्टर इथल्या धर्मशाळेत आठवडाभर बसणार आहेत. लोकांनी जावं म्हणून आमच्या साप्ताहिकात अग्रलेख हवा. मजकूर उद्या दुपारपर्यंत. विषय सोपा — एका बैठकीत होईल.

६ सप्टेंबर

अंक निघाला. अग्रलेख जमला आहे. "दुखत नाही म्हणजे डोळा धड आहे, या भ्रमात कोणी राहू नये. वर्षातून एकदा तरी तो जाणत्याला दाखवावा." आप्पा वकिलांनी हे रस्त्यात थांबवून म्हणून दाखवलं. पुढे मात्र — "लिहितोस झकास रे, पण काल नाक्यावर मी हात जोडले, तू ढुंकून पाहिलं नाहीस. मोठा झालास हो!" आप्पांना खोडच आहे, बाजूने येऊन उभं राहायची.

मालिनी: "तुम्ही कधी दाखवणार डोळे?"

मी! बारीक टाइपाची प्रुफं चष्म्याशिवाय वाचतो. माझी परीक्षा दर आठवड्याला होते.

१० सप्टेंबर

छापखान्यात केरूला धडकलो. त्याने सकाळपासून जुळवलेले टाइपाचे खिळे सगळे जमिनीवर! केरू थंड माणूस. "मी हयच उबा व्हतो नाना, तुमी बगितलातच नाय." यापुढे त्याने माझ्या जवळून जाताना खोकावं, असं ठरलं.

१७ सप्टेंबर

संध्याकाळी किल्ल्यावर भगवतीला जाऊन आलो. लग्नापासून मालिनी माझ्यामागे चार पावलं चालत आली. गेल्या शिमग्यापासून मात्र ती थेट बरोबरीने चालते — माझ्या डाव्या अंगाला, खांद्याला खांदा लावून! आळीतल्या बायका माना वळवून बघतात. आप्पा म्हणाले, "सुधारक झालास की घरातूनच!"

आतून बरं वाटलं. स्त्रियांच्या स्वातंत्र्यावर मी इतकं लिहिलं, ते निदान घरात तरी वाचलं गेलं म्हणायचं. यावर एक स्फुट लिहायला हवं.

२० सप्टेंबर

स्फुट छापलं. 'पत्नीचे स्थान पाठीमागे नव्हे.' पुण्याच्या वाचकांनाही आवडेल असं वाटतं.

२६ सप्टेंबर

काल धर्मशाळेत गेलो. डॉक्टर स्वतः कचेरीत येऊन म्हणाले होते, "संपादकच आले तर लोक येतील." तेव्हा लोकांसाठी म्हणून गेलो.

भिंतीवरचा तक्ता दोन्ही डोळ्यांनी तळापर्यंत वाचला. अगदी खाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं. ओट्यावरची मंडळी हसली, कोणी टाळ्याही वाजवल्या. डॉक्टर हसले नाहीत. समोर बसले, माझा उजवा डोळा तळहाताने झाकला.

"डावीकडून बोट आणतो. दिसलं की सांगा."

"आणा तर खरं," मी म्हणालो.

"केव्हाचा हलवतोय."

बांबूच्या नळीतून पाहावं तेवढंच दिसत होतं. बाकी काही नाही. काळोखसुद्धा नाही!

काचबिंदू. डावा गेला तेवढा गेला, परत यायचा नाही. उजव्यालाही कडेने सुरुवात आहे. तो वाचवता येईल — औषधाचे थेंब रोज, आणि कोल्हापूरला येऊन शस्त्रक्रिया, महिन्याच्या आत. "वर्षापूर्वी आला असतात तर दोन्ही राहिले असते. हा दुखत नाही हो, हीच त्याची लबाडी."

हे मीच लिहिलं होतं.

२७ सप्टेंबर

मालिनीला सांगितलं. रडेल वाटलं होतं. भाजी चिरता चिरता म्हणाली, "ठाऊक होतं."

"कसं?"

"शिमग्यात तुमच्या डावीकडून बैलगाडी आली. लोक ओरडले, तुम्ही हललाच नाहीत. मी ओढलं तुम्हाला. तेव्हापासून त्या बाजूने चालते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की! तुम्ही म्हणालात, बरा विषय आहे, लिहितो कधीतरी."

ते स्फुट मागे घेता येत नाही. अंक पुण्यापर्यंत गेले.

९ ऑक्टोबर

डॉक्टरांचं कार्ड. कधी येता? आता कसं जमणार — दिवाळी अंक डोक्यावर आहे. अर्धे फर्मे छापायचे राहिलेत. अंक एकदा हातावेगळा झाला की दुसऱ्या दिवशीच्या सर्व्हिस मोटारीने निघतो, असं कळवलं.

मालिनी म्हणाली, "अंक काय दर वर्षी येतो." मजकूर सुचत होता, म्हणून लिहायला बसलो.

२१ ऑक्टोबर

थेंब दोन दिवस घालायचे राहिले. प्रुफं!

२९ ऑक्टोबर

उजव्या हाताशी असलेली दौत लवंडली. केरूने जागा बदलली असणार.

७ नोव्हेंबर

दिवाळी अंक वेळेवर निघाला. एक चूक नाही. आप्पांनी सगळ्यांसमोर वाखाणला.

संध्याकाळी भगवतीला निघालो. मालिनी उंबऱ्याशी क्षणभर थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन चालू लागली.