देव्हाऱ्यातले दोन भालेकरी

भवानी पेठ, सोलापूर
आश्विन वद्य पंचमी, शके १८५६

चि. सौ. गोजास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

मी फुला. बावीस वर्षांत विसरली असशील. तू तर काखेतलं कोकरू रानभर शोधणारी. इकडे नातवंडांसकट सगळी खुशाल.

शेजारी बसप्पा मास्तर राहतात. हे पत्र तेच लिहितात, त्यामुळे त्यांचं कौतुक त्यांनाच लिहावं लागतंय. लाजतात, पण लिहा म्हटलं. लिहिलं की नाही, मला काय कळणार?

घटस्थापनेआधी मी चिंचेनं देव घासत होते. बिरोबाचा लहान गोल टाक हातात घेतला, तोच मास्तर दारातून म्हणाले, "आजी, तो घासू नका. टाक नाही, नाणं आहे."

मास्तरांनी ते पंधरा दिवस तेलात भिजवलं. मग बाभळीच्या काट्यानं कणकण मळ काढला, पण कुठं ओरखडा नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात धरून झिजलेली अक्षरं कागदावर उतरवली, चित्रांच्या पुस्तकाशी ताडली. शंभर मेंढरांतून आपलं ओळखणारे आपले आबा, तशी ह्या माणसाची नजर. म्हणाले, "काशाचं आहे. रोमच्या बादशहाचं, सोळाशे वर्षांपूर्वीचं."

"कंच्या बादशाचं?"

"बाप की लेक, ते नाही सांगता येत. अक्षरं गेलीत."

कळलं नाही ते कळलं नाही म्हणणारा शिकलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

नाण्याच्या मागच्या अंगाला दोघं भाले घेऊन उभे आहेत, मध्ये निशाणाची काठी.

ज्ञानू, बाळा, इथून पुढं आईला हळू आवाजात वाचून दाखव.

गोजे, टाकावरच्या त्या दोघांना बघून आबा म्हणायचे, "ह्या माज्या दोन पोरी, मेंढरं राखत्यात." ते शिपाई निघाले बघ. आबांच्या तेराव्यानंतर तो टाक मीच कनवटीला लावला. आपल्याला भाऊ नाही, घर तू राखलंस, देव तुझे. तू आधी उंदरांना शिव्या दिल्यास, मग मला विचारलंस. मी बिरोबाची शपथ घेतली, आणि बिरोबा कनवटीला. आता कळतंय तो बिरोबा नव्हेच, म्हणजे शपथ तितकी खोटी नाही. मास्तर हे लिहायला तयार नव्हते.

ते विचारतात, नाणं कुठल्या मातीत सापडलं? त्याशिवाय ओळख अर्धीच म्हणे. आबांना ते सापडलं त्या दिवशी त्यांच्याबरोबर रानात तू होतीस, मी नव्हते. एवढं विसरली नसशील तर सांगायला ये. तुझं तुझ्या पदरात बांधीन. ज्ञानूच्या हाती देणार नाही.

तुझी चोर बहीण,
फुला

ता. क. घटावरच्या कडाकण्या उरल्या असतील तर दोन आण. दात गेलेत, दुधात भिजवून खाईन. टपालानं धाडू नकोस, चुरा होतो.